शिक्षेनंतरचा माणूस: मुंबई इलाख्यातील सुधारणा-कायद्यांचा इतिहास

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्ये यांच्यात विषयांची जी वाटणी केलेली आहे, तिच्यातील राज्यसूचीची चौथी नोंद तुरुंग, सुधारगृहे, बोर्स्टल संस्था आणि तेथे ठेवलेल्या व्यक्ती यांच्याविषयी आहे. गुन्हा कशाला म्हणावे आणि खटला कसा चालवावा हे विषय समवर्ती सूचीत असल्यामुळे त्यांवरील मुख्य कायदे संसदेने केलेले आहेत. परंतु दोषी ठरलेल्या माणसाला कोठे ठेवावे, त्याला कोणते काम व शिक्षण द्यावे आणि मुदतीपूर्वी काही दिवस तरी घरी जाऊ द्यावे की नाही, हे प्रश्न मोठ्या प्रमाणात राज्याच्या अखत्यारीत येतात. ही वाटणी १९५० मध्ये नव्याने सुचलेली नव्हती. तिच्यामागे तीस वर्षांचा प्रांतिक अनुभव होता, आणि त्या अनुभवात मुंबई इलाख्याचा वाटा मोठा असला तरी तो निर्दोष मुळीच नव्हता.

कंपनी सरकारच्या काळात कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे काम मानले जात नव्हते. मेकॉलेच्या सूचनेवरून नेमलेल्या तुरुंग-शिस्त समितीने १८३८ साली जो अहवाल दिला, त्यात रस्त्यांवर बेड्या घालून कैदी राबवण्याच्या पद्धतीवर टीका होती आणि मोठी मध्यवर्ती कारागृहे बांधण्याची शिफारस होती. मात्र नीतिशिक्षण, साक्षरता किंवा चांगल्या वर्तणुकीबद्दल बक्षीस या कल्पना समितीने विचारपूर्वक नाकारल्या आणि तुरुंगातील काम कंटाळवाणे, एकसुरी व धाक बसवणारे असावे असे मत नोंदवले. १८९४ च्या तुरुंग अधिनियमावर याच विचाराची छाया आहे. कैद्यांची विभागणी, आरोग्य, श्रम आणि तुरुंगातील गुन्ह्यांना द्यावयाच्या शिक्षा यांचा तपशील त्यात आहे. सुधारणेच्या बाजूने पाहता त्यातील एकच तरतूद उल्लेखनीय ठरते, ती ‘माफी’ची, म्हणजे चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेतील काही दिवस कमी करण्याच्या पद्धतीची. गंमत अशी की सुधारणेविषयी इतकी उदासीन असलेली ही संहिता स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके देशातील कारागृहांचा मूळ कायदा म्हणून टिकून राहिली आणि सुधारणेचे सर्व प्रयत्न तिच्याभोवती ठिगळांसारखे जोडावे लागले.

वळण आले ते १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने भारतातील कारागृहे व अंदमान यांबरोबरच इंग्लंड, अमेरिका, जपान, फिलिपाइन्स येथील संस्थांचीही पाहणी केली आणि कैद्याची सुधारणा व त्याचे समाजात पुनर्वसन हे तुरुंग-प्रशासनाचे उद्दिष्ट आहे, असे भारतात प्रथमच अधिकृतपणे मांडले. मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये, तरुण गुन्हेगारांसाठी वेगळ्या संस्था, सुटलेल्या कैद्यांना मदत, अंदमानला पाठवण्याची पद्धत बंद करणे, अशा तिच्या शिफारशी होत्या. नेमक्या याच सुमारास १९१९ च्या घटनात्मक सुधारणा कायद्याने तुरुंग आणि सुधारगृहे हे प्रांतिक विषय ठरले. परिणामी समितीचा अहवाल अखिल भारतीय राहिला, पण त्याची अंमलबजावणी प्रत्येक प्रांताच्या इच्छेवर आणि तिजोरीवर सोडली गेली. ज्या प्रांताकडे पैसा आणि शहरी समाजसेवेची परंपरा होती तो पुढे गेला. मुंबईकडे दोन्ही होते.

मुलांच्या बाबतीत मुंबईला पूर्वानुभवही होता. डेव्हिड ससून यांच्या आश्रयाने १८५७ मध्ये मुंबईत मुलांसाठी सुधारगृह व उद्योगशाळा उभी राहिली होती आणि उनाड किंवा गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी हातकाम शिकवण्याची प्रथा तिने रुजवली होती. १८७६ व १८९७ च्या सुधारशाळा अधिनियमांनी अशा संस्थांना कायद्याचे रूप दिले. १९२४ चा मुंबई बाल अधिनियम याच्या पुढे गेला, कारण त्याने केवळ गुन्हा केलेल्या मुलांचाच नव्हे, तर निराधार आणि छळ होत असलेल्या मुलांचाही विचार केला. मद्रास आणि बंगाल यांनी असे कायदे त्याआधी केले होते. मुंबईचे वैशिष्ट्य हे की १९२७ पासून मुंबई शहरात बालन्यायालय आणि बालसाहाय्यक संस्था, म्हणजे चिल्ड्रन्स एड सोसायटी, अशी जोडी प्रत्यक्ष कामाला लागली. या संस्थेचे डोंगरी-उमरखाडी येथील निरीक्षणगृह ज्या आवारात आहे, तो पूर्वीचा डोंगरीचा तुरुंग होय. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी कोल्हापूर प्रकरणातील १०१ दिवसांची कैद तेथेच भोगली होती. इमारत तीच ठेवून कायदा बदलण्याची ही पद्धत काटकसरीची होती, पण जाड भिंतींच्या आत घर निर्माण करणे किती अवघड असते हे तिने पुढच्या प्रत्येक पिढीतील कार्यकर्त्यांना शिकवले.

मूल आणि प्रौढ यांच्या मधल्या वयाचा प्रश्न १९२९ च्या मुंबई बोर्स्टल शाळा अधिनियमाने हाताळला. बोर्स्टल हे इंग्लंडमधील केंट परगण्यातील एका गावाचे नाव. तेथील तुरुंगात सर एव्हलिन रगल्स-ब्राइज यांनी अमेरिकेतील एल्मायरा सुधारगृह पाहून आल्यानंतर १९०२ मध्ये तरुण गुन्हेगारांना धंदेशिक्षण, व्यायाम आणि श्रेणीनिहाय सवलती देण्याचा प्रयोग सुरू केला, आणि १९०८ च्या ब्रिटिश कायद्याने त्या पद्धतीला गावाचेच नाव चिकटले. मुंबईच्या अधिनियमात सोळा ते एकवीस वर्षे वयाच्या सिद्धदोष तरुणांना, म्हणजे न्यायालयात गुन्हा शाबीत झालेल्यांना, कारागृहाऐवजी अशा शाळेत पाठवण्याची आणि तेथून परवान्यावर, देखरेखीखाली, मुदतीआधी बाहेर सोडण्याची तरतूद होती. इलाख्याची बोर्स्टल शाळा धारवाडला होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत धारवाड म्हैसूर राज्यात गेले, आणि पुढे महाराष्ट्राचे असे काम नाशिकच्या किशोर सुधारालयात केंद्रित झाले. या कायद्याची एक अंगभूत अडचण होती. शिकवण्यास वेळ हवा म्हणून बोर्स्टलची मुदत लांब ठेवली जाई. त्यामुळे ज्या चोरीसाठी साध्या कारागृहात काही महिन्यांची सजा झाली असती, तिच्यासाठी तरुणाला कित्येक वर्षे शाळेत काढावी लागत. सुधारणेच्या नावाने शिक्षा लांबते, हा आक्षेप तेव्हापासून आजतागायत पुरता निकालात निघालेला नाही.

इलाख्याच्या कायद्यांमध्ये सर्वांत विचारपूर्ण म्हणावा असा कायदा १९३८ मध्ये झाला, तो मुंबई गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम. परिवीक्षा म्हणजे दोषी ठरलेल्या माणसाला तुरुंगात न पाठवता, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर आणि आवश्यकतेप्रमाणे एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्याच्या घरीच, त्याच्या कामधंद्यातच राहू देणे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५६२ व्या कलमात प्रथम गुन्हा करणाऱ्यांना बंधपत्रावर सोडण्याची सोय होतीच, पण देखरेख करणारा कोणी नसल्यामुळे सोडणे म्हणजे निव्वळ सोडून देणे होते, आणि म्हणूनच दंडाधिकारी त्या कलमाकडे दयेची सवलत म्हणून पाहत. केंद्र सरकारने १९३१ मध्ये परिवीक्षेच्या विधेयकाचा मसुदा तयार करून प्रांतांकडे धाडला. १९३४ मध्ये मात्र केंद्रीय कायदा होण्याची शक्यता नसल्याचे आणि त्या धर्तीवर प्रांतांनी आपापले कायदे करण्यास हरकत नसल्याचे कळवले. मध्य प्रांत व वऱ्हाड यांनी १९३६ मध्ये असा कायदा केला, त्यामुळे आजचा विदर्भ या बाबतीत मुंबईच्या दोन वर्षे आधीचा ठरतो.

मुंबईत हा कायदा बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने केला, आणि त्या वेळी गृहखाते कन्हैयालाल मुन्शी यांच्याकडे होते. हे दोघेही सविनय कायदेभंगाच्या चळवळीत कारावास भोगून आलेले होते; ज्यांनी बराकीतील दिनक्रम, कैद्यांतूनच नेमलेले वॉर्डर आणि पहिल्यांदा आलेल्या तरुणावर जुन्या मंडळींचा होणारा परिणाम प्रत्यक्ष पाहिला होता, असे लोक प्रथमच कायदा करण्याच्या जागी बसले होते. शिवाय १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर शाळा, म्हणजे पुढची टाटा समाजविज्ञान संस्था, सुरू झाली होती, आणि कायद्याला लागणारा प्रशिक्षित माणूस घडवण्याची सोय शहरातच झाली होती. या कायद्याचा गाभा शिक्षा टाळण्यात नसून चौकशीत होता. परिवीक्षा अधिकाऱ्याने आरोपीचे घर, वस्ती, मालक, व्यसने, कर्ज आणि नातेसंबंध यांची माहिती घेऊन न्यायालयासमोर ठेवायची, आणि न्यायालयाने केवळ कृत्याचा नव्हे तर माणसाचाही विचार करायचा, ही रीत भारतीय फौजदारी न्यायालयाला नवी होती. चौकशीविना दिलेली परिवीक्षा ही लॉटरी ठरते; या कायद्याच्या यशापयशाचे मोजमाप म्हणूनच सोडलेल्यांच्या संख्येवरून न करता अधिकाऱ्यांच्या संख्येवरून आणि त्यांच्या अहवालांच्या दर्जावरून करणे योग्य होय.

याच काळात, याच सरकारी यंत्रणेत आणि याच ‘सुधारणा’ शब्दाच्या आधाराने एक दुसरी व्यवस्था चालू होती, तिच्याकडे दुर्लक्ष करून हा इतिहास सांगणे अप्रामाणिक ठरेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा १९११ च्या कायद्याने संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढवली, आणि प्रांतिक सरकार एखाद्या जमातीला अधिसूचनेने गुन्हेगार ठरवू लागले. त्या अधिसूचनेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नव्हती. मुंबई इलाख्यात स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने विजापूरपासून सुरुवात होऊन सोलापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. गिरण्यांना मजूर हवे होते, मिशनऱ्यांना कार्यक्षेत्र हवे होते आणि पोलिसांना नजर हवी होती; या वसाहतींमध्ये तिन्ही गरजा एकत्र भागल्या. शाळा, दवाखाना, पतपेढी यांच्याबरोबर हजेरी, पास आणि काटेरी तार हेही तेथे होते. परिवीक्षेच्या कायद्यात गुन्हा शाबीत झालेल्या माणसावर विश्वास टाकून त्याला घरी ठेवले जात होते, तर येथे ज्यांच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नव्हता अशा कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, भामटा कुटुंबांना जन्माच्या आधारे सुधारण्यासाठी कोंडले जात होते. एकाच सचिवालयाच्या दोन दप्तरांत हे दोन विचार शेजारी-शेजारी नांदले, यातच वसाहतवादी सुधारणेची मर्यादा दिसते.

खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून गुन्हेगार जमाती कायद्याचा फेरविचार सुरू झाला, आणि मुंबई राज्याने तो १९४९ मध्ये, म्हणजे देशभर तो रद्द होण्याच्या तीन वर्षे आधी, रद्द केला. तथापि जमातीची नोंद पुसताना व्यक्तीची नोंद ठेवणारा कायदा आधीच तयार होता. १९४७ चा मुंबई सवयीचे गुन्हेगार निर्बंध अधिनियम आणि त्याच्या जागी आलेला १९५९ चा मुंबई सवयीचे गुन्हेगार अधिनियम यांनी वारंवार शिक्षा झालेल्यांची नोंद, त्यांच्या हालचालींवर बंधने आणि सुधारवसाहती यांची तरतूद केली. तत्त्वतः हा फरक मोठा होता, कारण आता आधार जन्माचा नसून न्यायालयीन दोषसिद्धीचा होता. व्यवहारात मात्र पोलीस ठाण्यातील यादीत जुनीच आडनावे राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंग-नियमावल्यांतील जातीवर आधारलेली कामाची विभागणी घटनाबाह्य ठरवली आणि ‘सवयीचा गुन्हेगार’ या संज्ञेखाली विमुक्त, म्हणजे पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या, जमातींना गोवणाऱ्या तरतुदींवरही बोट ठेवले, यावरून हा जुना धागा किती लांब पोहोचला होता हे कळते.

इलाख्याच्या कायदेपुस्तकाबाहेर, औंध संस्थानात, १९३९ मध्ये जे घडले ते या सर्वांपेक्षा धाडसाचे होते. बहात्तर गावांच्या या लहानशा संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याच वर्षी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. त्या कामात त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा पुढाकार होता. फ्रीडमन यांच्याच कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसली. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना तेथे भिंत, साखळी व बंदूकधारी पहारा यांविना ठेवण्यात आले, त्यांना कसण्यास जमीन मिळाली आणि बायकामुलांसह राहता येऊ लागले. माणदेशाच्या अवर्षणप्रवण माळावर शेती उभी करणे हे स्वतंत्र माणसालाही जड जाते. कैद्यांनी ते करावे, माल विकावा आणि संध्याकाळी आपण होऊन परत यावे, अशी ही योजना होती.

याच प्रयोगावरून माणदेशाचे पुत्र ग. दि. माडगूळकर यांनी कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. चित्रपटाने स्वतंत्रपूरला कीर्ती दिली, पण त्याचा अर्थही थोडा वळवला. पडद्यावर सहा कैदी सुधारतात ते एका जेलरच्या नैतिक दृष्टीच्या धाकाने आणि प्रेमाने, आणि त्या जेलरला प्राण द्यावे लागतात. प्रत्यक्षातील वसाहतीचे बळ मात्र अशा एका पुण्यपुरुषात नव्हते. जमिनीचा तुकडा, घरची माणसे आणि बाजारात विकता येणारा माल या तीन साध्या गोष्टींत ते होते. १९४८ मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा अशी वसाहत मोडीत काढणे प्रशासनाला सोपे होते. ती मोडली गेली नाही, आणि आजच्या सांगली जिल्ह्यात ती राज्याच्या कारागृह विभागाखाली चालू राहिली, ही गोष्ट त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या श्रेयाचीच मानावी लागेल. पुढे येरवडा येथे १९५५ मध्ये आणि पैठण येथे १९६८ मध्ये खुली कारागृहे निघाली आणि १९७१ मध्ये महाराष्ट्र खुली कारागृहे नियम तयार झाले. नियमांमुळे प्रयोगाला स्थैर्य आले, पण निवड समिती, वर्तणुकीची अट आणि शिक्षेचा ठरावीक भाग बंदिस्त कारागृहात पूर्ण करण्याची अट यांमुळे खुलेपणा हा आरंभबिंदू न राहता बक्षीस बनला. स्वतंत्रपूरने आधी विश्वास टाकला होता; नियमांनी तो आधी कमवायला सांगितला.

रजेच्या बाबतीतही हीच सावध वृत्ती दिसते. १९५९ च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांनी दोन प्रकारच्या रजा दिल्या: फर्लो किंवा संचित रजा ही दीर्घ शिक्षा भोगणाऱ्याला कुटुंबाशी संबंध टिकवण्यासाठी ठरावीक काळानंतर मिळणारी रजा, आणि तिचे दिवस शिक्षेतच मोजले जातात; पॅरोल किंवा अभिवचन रजा ही घरातील आजारपण, मृत्यू, लग्न अशा निकडीसाठी असून तिचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. नातेवाइकाचा जामीन आणि पोलिसांचा अहवाल यांवर मंजुरी अवलंबून असते, आणि फर्लो हा कैद्याचा कायदेशीर हक्क नाही असे सतराव्या नियमाने स्पष्टच लिहून ठेवले आहे. ज्याचे घर तुटले आहे त्याला जामीनदार मिळत नाही, म्हणून ज्याला कुटुंबाशी पुन्हा जोडण्याची सर्वांत जास्त गरज आहे तोच बहुधा रजेपासून वंचित राहतो.

संसदेने १९५८ मध्ये गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम करून प्रांतिक प्रयोगांना देशव्यापी रूप दिले. एकवीस वर्षांखालील तरुणाला कारावास देताना न्यायालयाने कारणे नोंदवावीत अशी त्यात तरतूद झाली, आणि राज्यांचे बोर्स्टल व बालकायदे अठराव्या कलमाने अबाधित ठेवले गेले. या अधिनियमातील बारावे कलम विशेष महत्त्वाचे आहे. ताकीद देऊन किंवा परिवीक्षेवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे लागू होणारी अपात्रता लागू होत नाही, असे ते म्हणते. किशोरवयीनांनाही बालन्याय कायद्याने असेच संरक्षण दिले आहे. परंतु ज्या प्रौढाने प्रत्यक्ष कारावास भोगला, शिक्षा पूर्ण केली आणि नंतर वर्षानुवर्षे सरळ आयुष्य जगून दाखवले, त्याची दोषसिद्धी कालांतराने गैरलागू ठरवणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. ब्रिटनने ज्याच्यासाठी १९७४ मध्ये गुन्हेगार पुनर्वसन कायदा केला, तो नेमका हाच माणूस होय.

१९२४ पासूनच्या सर्व प्रांतिक कायद्यांकडे एकत्र पाहिले असता त्यांची शक्ती शिक्षेपूर्वीच्या आणि शिक्षेदरम्यानच्या काळावर खर्च झालेली दिसते. सुटकेनंतरचा काळ धर्मादाय संस्था आणि बदलत्या सरकारी योजना यांच्याकडे राहिला. राज्याच्या लोकसेवा हा विषय राज्यसूचीच्या ४१ व्या नोंदीत आहे. शिक्षा पूर्ण करून ठरावीक काळ निर्दोषपणे घालवलेल्या माणसाला किमान आपल्या नोकऱ्यांची दारे उघडणारा कायदा करण्यासाठी महाराष्ट्राच्या विधिमंडळाला दुसऱ्या कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही.